मशीन मंजूर, गोळ्या नामंजूर

हार्ट फेल्युअरच्या रुग्णांच्या छातीत बसवली जाणारी यंत्रं प्रामुख्याने दोन. आयसीडी हृदयाच्या ठोक्यांवर पाळत ठेवतं. खालच्या कप्प्यातून ठोक्यांची जीवघेणी धावपळ सुरू झाली की आतल्या आत शॉक देऊन ती थांबवतं. सीआरटीचं काम वेगळं. डावी आणि उजवी बाजू मागेपुढे आकुंचन पावत असेल तर ती दोन्ही बाजू एका तालात आणतं, पंपाला जोर मिळवून देतं. हा जोर एको तपासणीत ‘ईएफ’च्या टक्क्यांत मोजतात, आणि दोन्ही बाजू किती मागेपुढे आहेत, ते ईसीजीवरच्या ‘क्यूआरएस’च्या रुंदीवरून कळतं. त्यात शॉकची सोय असली तर सीआरटी-डी, नसली तर सीआरटी-पी. यंत्रं चालतात, याबद्दल फारसा वाद नाही. त्यांचे पैसे वसूल होतात का आणि ते कुणी भरायचे, यावर मात्र जगभर भांडण आहे.

पुढचा संवाद कल्पित आहे. मावशी जिल्हा रुग्णालयातून फिजिशियन म्हणून निवृत्त झाली आणि आता एका सरकारी विमा योजनेचे मंजुरीचे कागद तपासते. भाचा पुण्यात हृदयरोगतज्ज्ञ आहे. मशीन बसवणं हेच त्याचं रोजचं काम. यंत्राचे आणि गोळ्यांचे रुपयांतले भाव हिशेबापुरते धरलेले आहेत. चाचण्यांचे आकडे मात्र प्रसिद्ध झालेले आहेत.

भाचा : मावशी, माझ्या पेशंटचा आयसीडीचा कागद तुमच्या ऑफिसातून परत आला. शेरा काय, तर ‘औषधोपचाराचा तपशील अपुरा’. बावन्न वर्षांचा माणूस, दोन महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक, ईएफ २५ टक्के. उद्या झोपेत गेला तर?

मावशी : तो शेरा माझाच. फाइलमध्ये एकच एको होता, अटॅकनंतर बाराव्या दिवशीचा. बीटा ब्लॉकर सगळ्यात लहान डोसात, स्पायरोनोलॅक्टोन नाही, डापाग्लिफ्लोझिन नाही. बाराव्या दिवशी स्नायू सुन्न असतो; औषधं नीट पडली की पुष्कळांचा ईएफ तीन महिन्यांत वर येतो. अटॅकनंतरचे चाळीस दिवस थांबा, तीन महिने पूर्ण औषधं द्या, मग पुन्हा एको करा, हे नियम मी केलेले नाहीत. डायनामिट चाचणीत ६७४ रुग्ण घेतले होते, अटॅकनंतर ६ ते ४० दिवसांतले. आयसीडी बसवूनही एकूण मृत्यू कमी झाले नाहीत.

भाचा : तेवढं मान्य. औषधं वाढवतो, मुदत पुरी झाली की एको करून पाठवतो. पण माझं दुखणं वेगळंच आहे. कागद हातात आला की तुमची नजर आधी किमतीवर जाते. डायलिसिसच्या कागदाला कुणी विचारतं का, पैसे वसूल होतील का म्हणून?

मावशी : विचारायला हवं. पण तू आयसीडीचंच सांग. पैसे कसे वसूल होतात?

भाचा : एससीडी-हेफ्ट घे, २००५ची. २,५२१ रुग्ण, ईएफ ३५ किंवा कमी. एका गटाला नुसती नेहमीची औषधं, दुसऱ्याला सोबत ठोके आवरणारं अमिओडॅरोन, तिसऱ्याला आयसीडी. अमिओडॅरोनने काही साधलं नाही. आयसीडीने मृत्यू २३ टक्क्यांनी घटले. त्याच्या आधी २००२मध्ये मॅडिट-टू : जुना अटॅक, ईएफ ३० किंवा कमी. सरासरी वीस महिन्यांत आयसीडीच्या गटात १४.२ टक्के गेले, दुसऱ्या गटात १९.८. कोणती गोळी हे करून दाखवते?

मावशी : २३ टक्के हे सापेक्ष. पाच वर्षांतला निव्वळ फरक सांग.

भाचा : सात टक्क्यांच्या आसपास. ७.२.

मावशी : म्हणजे पाच वर्षांत एक जीव वाचवायला चौदा जणांच्या छातीत मशीन. आयसीडी आणि बसवण्याचा खर्च मिळून साडेचार लाख धर. चौदा गुणिले साडेचार, त्रेसष्ट लाख. बाकी तेरा जणांपैकी काहींना त्याची गरजच पडली नाही, काही पंप थकून गेले, आणि तिथे शॉकचा उपयोग नव्हता. काहींना तर मशीनने उगाचच शॉक दिले. मॅडिट-टूमध्ये असे उगाचचे शॉक अकरा टक्क्यांहून जास्त लोकांना बसले होते.

भाचा : उगाचच्या शॉकचा दोष मशीनचा कमी आणि सेटिंगचा जास्त. २०१२मध्ये मॅडिट-आरआयटीने १,५०० रुग्णांत दाखवलं, की मशीनला थोडी जास्त वाट बघायला लावली, वेगाची मर्यादा वर नेली, की उगाचचे शॉक खूप घटतात, मृत्यूही घटतात. एक रुपया जास्त लागत नाही, प्रोग्रामरवर दोन आकडे बदलायचे. आणि तुझे त्रेसष्ट लाख चुकीच्या जागी थांबतात. पाचव्या वर्षाच्या शेवटी तू वही मिटतेस. वाचलेला माणूस त्या दिवशी मरतो का?

मावशी : मरत नाही. मग वही किती वर्षं उघडी ठेवायची?

भाचा : इथेच सगळी गंमत आहे. मॅडिट-टूच्याच रुग्णांचा खर्चाचा हिशेब २००६मध्ये छापून आला. साडेतीन वर्षांपुरतं पाहिलं तर आयसीडीने माणशी आयुष्य वाढलं जेमतेम दोन महिने, आणि वाचलेल्या एका वर्षाला खर्च पडला २,३५,००० डॉलर. तोच हिशेब बारा वर्षांपर्यंत नेला की आकडा ७८,६०० ते १,१४,०००वर येतो. मशीन तेच, माणसं तीच, फक्त मुदत बदलली. कारण खर्च सगळा पहिल्या दिवशी होतो आणि फायदा हप्त्याहप्त्याने येतो.

मावशी : पहिला आकडा घडलेला आहे, दुसरा गणिताने पुढे ओढलेला. त्यात एक गृहीत दडलंय, की माणूस पुढेही जगतो आणि फायदा टिकतो. २००५मध्ये सँडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळ्या मोठ्या चाचण्या एकत्र घेऊन हिशेब मांडला. पूर्ण तब्येतीच्या एका वर्षाला, ज्याला क्वाली म्हणतात, ३४,००० ते ७०,२०० डॉलर. आठ चाचण्यांपैकी दोन त्यांना बाजूला काढाव्या लागल्या, कारण तिथे फायदाच नव्हता. आणि क्वालीचा भाव एक लाख डॉलरच्या आत राहायचा तर मशीनचा फायदा सात वर्षं तरी टिकायला हवा. आता आपल्याकडे ये. त्रिवेंद्रमच्या हार्ट फेल्युअर नोंदवहीत २०१३मध्ये बाराशेवर रुग्ण नोंदले गेले. पहिल्या वर्षात सुमारे ३१ टक्के गेले, पाच वर्षांत ५९ टक्के. सात वर्षं टिकणार कोण?

भाचा : ते का गेले, हेही त्याच नोंदवहीत आहे. नियमाप्रमाणे पूर्ण औषधं घरी नेणारे जेमतेम चौथा हिस्सा होते.

मावशी : बरोब्बर. माझ्या तोंडचं वाक्य तू बोललास.

भाचा : तुझ्या बाजूने नाही बोललो. औषधं मिळत नाहीत, म्हणून माणूस लवकर मरतो, म्हणून मशीन महाग पडतं, म्हणून मशीनही नको. दोन्हीकडून गरीबच मरतो.

मावशी : मी ‘मशीन नको’ म्हणत नाही. आधी काय, ते विचारते. २०१७मध्ये एक मोठा आढावा आला : बारा चाचण्या, चाळीस हजारांवर रुग्ण, जवळजवळ वीस वर्षांचा काळ. आयसीडी नसलेल्या या रुग्णांत अचानक मृत्यूचं प्रमाण ४४ टक्क्यांनी घटलं होतं. मशीन नाही, नुसत्या गोळ्या. आणि त्यात डापाग्लिफ्लोझिन आलंही नव्हतं. तुझ्या एससीडी-हेफ्टच्या काळात सॅक्युबिट्रिल-वालसार्टन नव्हतं. आजच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला त्या काळचा फायदा तसाच मिळेल, हे कशावरून? २०१६ची डॅनिश चाचणी बघ. अटॅकचा इतिहास नसलेले, औषधं नीट घेणारे १,११६ रुग्ण. आयसीडीने अचानक मृत्यू ८.२वरून ४.३ टक्क्यांवर आले. एकूण मृत्यू मात्र २३.४ आणि २१.६. म्हणजे जवळपास सारखेच.

भाचा : त्याच डॅनिशमध्ये साठीच्या आतल्या रुग्णांना फायदा झाला, तेही सांग. वय झालेला माणूस एका मृत्यूतून सुटतो तर दुसरा दारात उभाच असतो. तरुणाच्या दारात दुसरा कुणी नसतो. म्हणून पंचाहत्तरीच्या, किडनी गेलेल्या, घरात चालतानाही दम लागणाऱ्या माणसाला मी स्वतःहून आयसीडी सांगत नाही. वर्षभर बऱ्यापैकी जगेल, अशी आशा नसेल तर बसवू नका, हे आमच्या नियमातच आहे.

मावशी : नियमात आहे, कागदात दिसत नाही. माझ्या टेबलावर ऐंशीच्या आजोबांचे कागद येतात. शेवटच्या आठवड्यात मशीन शॉक देत राहतं आणि घरच्यांना कुणी सांगितलेलं नसतं, की ते बंद करता येतं.

भाचा : ती आमची चूक. सांगायला हवं, आणि बसवण्याआधीच. पण सीआरटीबद्दल तुझं काय म्हणणं आहे? केअर-एचएफ, युरोपातली. ८१३ रुग्ण, सुमारे अडीच वर्षं. औषधांच्या गटात ३० टक्के गेले, सीआरटीच्या गटात २०. शॉकची सोय नसलेलं, साधं सीआरटी. शिवाय रुग्णालयात भरती होणं घटलं, जिना चढता येऊ लागला.

मावशी : सीआरटी-पीला माझा विरोध नाही. ईसीजीत डावा बंडल ब्लॉक असेल, क्यूआरएस १५० मिलिसेकंदांच्या वर असेल, तर तो कागद मी दहा मिनिटांत पुढे पाठवते. केअर-एचएफचा खर्चाचा हिशेब क्वालीला सुमारे १९,३०० युरोंवर आला. अमेरिकेतल्या कंपॅनियन चाचणीचा साध्या सीआरटीसाठी १९,६०० डॉलरवर आणि शॉकवाल्यासाठी ४३,०००वर. पंप सुधारतो, भरती टळते, टळलेल्या भरतीचे पैसे वाचतात. पण तुमच्याकडून येतात ते बहुतेक सगळे कागद सीआरटी-डीचे. का?

भाचा : कारण आत शिरलोच आहोत, तर दोन्ही घेऊन टाकू. कॅथलॅबमध्ये असताना डोक्यात हेच येतं. डाव्या कॉलरबोनखाली चीर दिलेली, खिसा केलेला, शिरेतून दोन तारा उतरलेल्या. तिसरी तार कोरोनरी सायनसमधून डाव्या बाजूच्या शिरेत न्यायला कधी वीस मिनिटं लागतात, कधी दोन तास. एवढं केल्यावर, काडेपेटीपेक्षा जरा मोठं ते यंत्र जोडताना ‘यात शॉक नाही’ म्हणायचं, आणि सहा महिन्यांनी तोच माणूस अचानक गेला, तर बायकोला काय सांगायचं?

मावशी : हेच मला ऐकायचं होतं. निर्णय भीतीने होतो, आणि भीतीचे पैसे योजनेतून जातात.

भाचा : आणि तुझा निर्णय कशाने होतो? तिजोरीने. इंग्लंडच्या नाइस संस्थेने कित्येक वर्षं क्वालीला वीस ते तीस हजार पौंडांची मर्यादा धरली. अमेरिकेत पन्नास हजार, एक लाख डॉलर बोलले जातात. आपल्याकडे सरकारच्या आरोग्य तंत्रज्ञान मूल्यांकनात दरडोई उत्पन्नाएवढी, म्हणजे दोन लाखांहून थोडी जास्त. लंडनच्या माणसाचं वर्ष वीस हजार पौंडांचं आणि लातूरच्या माणसाचं दोन लाख रुपयांचं?

मावशी : ती जिवाची किंमत नाही. एका तिजोरीतून किती निघतं, त्याची ती मर्यादा आहे. लातूरच्या एकाला साडेचार लाख दिले, तर लातूरच्याच दुसऱ्या कुणाचं वर्ष वजा होतं. फक्त तो कागदावर दिसत नाही, तुझ्यासमोर बसून रडत नाही. आणि दोन लाखांच्या मर्यादेतही तुझं मशीन बसू शकतं. साडेचार लाखांत सव्वादोन क्वाली मिळवून दाखव. पन्नाशीचा, औषधं घेणारा, बाकी धडधाकट माणूस असेल तर मिळतीलही. ऐंशीच्या आजोबांत मिळणार नाहीत. म्हणून ‘आयसीडी परवडतं का’ हा प्रश्नच अर्धा आहे. कुणाला, ते जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

भाचा : पूर्ण नाही झाला अजून. कितीला, तेही जोड. साडेचार लाख हा काही देवाने ठरवलेला भाव नाही. फेब्रुवारी २०१७मध्ये सरकारने स्टेंटला कमाल भाव लावला. साधा ७,२६० रुपये, औषध लावलेला २९,६००. एका रात्रीत अँजिओप्लास्टीचा हिशेब बदलला. काही कंपन्यांनी महागडे स्टेंट बाजारातून काढून घ्यायची परवानगी मागितली, पण अँजिओप्लास्टी काही थांबली नाही. आयसीडीला तसा भाव का नको? मशीन दोन लाखांत आलं, तर तुझ्याच गणिताने एक क्वाली पुरते.

मावशी : स्टेंट बनवणारे देशात बरेच होते. आयसीडी बनवणारे जगात हाताच्या बोटांवर. भाव पाडला आणि त्यांनी माल पाठवायचाच बंद केला, तर?

भाचा : तर मुंबईचा रस्ता आहे. २०१२मध्ये अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिनमध्ये छापून आलेला. मुंबईतल्या एका धर्मादाय रुग्णालयात ८१ गरीब रुग्णांना मिळून १०६ आयसीडी बसवली. सगळी दुसऱ्या रुग्णांच्या शरीरातून काढलेली, निर्जंतुक केलेली, निदान तीन वर्षं बॅटरी शिल्लक असलेली. जंतुसंसर्ग एकालाही नाही. आणि त्या ८१ पैकी ४४ जणांना मशीनने खरोखर गरजेच्या वेळी उपचार दिले. निम्म्याहून जास्त लोकांना! दहनाआधी मशीन काढावंच लागतं, बॅटरी फुटते म्हणून. मग ते कचऱ्यात का टाकायचं?

मावशी : ते संशोधन मी वाचलंय. पण ८१ माणसांवरून सरकारी योजना चालत नाही.

भाचा : ८१वर थांबू नकोस. २०२०मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये कॅनडाहून मेक्सिको, कॅरिबियन आणि मध्य अमेरिकेकडे पाठवलेल्या वापरलेल्या यंत्रांचा हिशेब आला. हजारावर रुग्ण, समोर तीन हजारांवर नव्या यंत्रांचे. दोन वर्षांत संसर्ग २ टक्के आणि १.२ टक्के, तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही.

मावशी : खोक्यावर ‘एकदाच वापरा’ छापलेलं असताना मंजुरीची सही माझी असेल. उद्या एकाला जरी संसर्ग झाला, तर पेपरात ‘गरिबांना मेलेल्यांची मशीनं’ असं छापून येईल. नियम बदला, तपासणीची सोय उभी करा, मग मी पहिली सही करीन. तोवर नाही.

भाचा : म्हणजे भीतीने निर्णय घेणारा मी एकटा नाही.

मावशी : नाहीस. पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. माझ्याकडच्या कागदांत साडेचार लाखांचं मशीन मंजूर होतं, आणि त्याच माणसाला महिन्याच्या गोळ्या स्वतःच्या खिशातून घ्याव्या लागतात. योजना भरतीवर चालते. घरी गेल्यावर दोन आठवड्यांत तिचा संबंध संपतो. डापाग्लिफ्लोझिनचं भारतातलं मूळ पेटंट २०२०मध्ये संपलं, सॅक्युबिट्रिल-वालसार्टनचं २०२३मध्ये. भाव कोसळले. बीटा ब्लॉकर आणि स्पायरोनोलॅक्टोन धरून चारही गोळ्या मिळून महिन्याला दीड हजार धर, वर्षाला अठरा हजार. एका मशीनच्या पैशात पंचवीस माणसांना वर्षभर गोळ्या.

भाचा : मावशी, हे पंचवीसचं गणित सभेत टाळ्या घेतं. पण तू माझा कागद परत पाठवलास, त्या दिवशी वाचलेले साडेचार लाख पंचवीस जणांच्या गोळ्यांना गेले का?

मावशी : नाही. ते गेले नाहीत.

भाचा : मग वाचलेल्या पैशाचं पुण्य तुला लागत नाही. काटकसरीचा हिशेब तेव्हाच खरा, जेव्हा वाचलेला रुपया दुसऱ्या उपचारावर पोचतो. राज्य सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेचं कवच २०२३च्या निर्णयाने दीड लाखावरून पाच लाख झालं. ते भरतीचं. त्यात मशीन बसू शकतं, गोळी बसत नाही. मग पेशंट, त्याचे नातेवाईक, मी, सगळे जे बसतं तेच मागणार. तू मला यंत्रवेडा म्हणतेस. यंत्रवेडी तर तुझी योजनाच आहे.

मावशी : बोल पुढे.

भाचा : मशीनच्या पॅकेजमध्येच पाच वर्षांच्या गोळ्या घाल. अठरा गुणिले पाच, नव्वद हजार. मशीनच्या खर्चाचा पाचवा हिस्सा. त्या नव्वद हजारांशिवाय तुमचे साडेचार लाख वाया जाण्याची शक्यता किती वाढते, ते तूच मघाशी त्रिवेंद्रमवरून सांगितलंस. दर तीन महिन्यांनी मशीन तपासायला यायचंच असतं, त्याच दिवशी गोळ्या द्या. आला नाही, तर फोन करा.

मावशी : म्हणजे गोळ्या हव्या असतील तर छातीत मशीन बसवून घ्या? आरोग्य केंद्रातल्या ज्या बाईचा ईएफ ४० आहे, जिला मशीन लागतच नाही, तिने काय करायचं? तिला आत्ता गोळ्या मिळाल्या, तर कदाचित कधीच लागणार नाही.

भाचा : तिलाही द्या. मी कुठे नाही म्हणतो?

मावशी : मग क्रम असा लागतो. आधी तिच्या गोळ्या, जिल्ह्यातल्या प्रत्येक केंद्रात. मग ज्यांचा ईएफ तीन महिन्यांच्या पूर्ण औषधांनंतरही ३५च्या वर येत नाही, त्यांचा ईसीजी. क्यूआरएस रुंद असेल तर सीआरटी-पी. त्यानंतर आयसीडी : वय कमी, जुना अटॅक, बाकी तब्येत चांगली, अशांना आधी. नाइसने २०१४मध्ये ईएफ, क्यूआरएसची रुंदी आणि दम लागण्याची पायरी धरून असा तक्ता केलाय. आपल्याला आपला करता येईल, आपल्या रुग्णांच्या आकड्यांवर.

भाचा : तक्त्याला मी तयार आहे. तक्ता असला तर कागद परत पाठवताना तुला शेरा लिहावा लागणार नाही आणि मला तुझ्याशी भांडावं लागणार नाही. पण क्रमाला तयार नाही. आधी सगळ्या जिल्ह्याच्या गोळ्या, मग मशीन, असं म्हटलंस की मशीनची पाळी कधीच येत नाही. सरकारी क्रमात दुसरा नंबर म्हणजे काय, ते तू मला सांगू नयेस. दोन्ही एकाच दिवशी सुरू करा.

मावशी : एकाच दिवशी सुरू केलं, तर वर्षअखेर पैसे कमी पडतात, आणि कमी पडले की आधी गोळ्याच कापल्या जातात. कारण गोळी बंद झालेला माणूस चार महिन्यांनी मरतो, तालुक्याच्या गावी, आणि त्याची बातमी होत नाही. तुझ्या मशीनला डॉक्टर आहे, कंपनी आहे, रुग्णालय आहे. गोळीच्या बाजूने बोलायला कुणी नाही, म्हणून ती पहिल्या नंबरला हवी.

भाचा : मग तक्त्यात एक ओळ आणखी घालू. मशीन मंजूर करणाऱ्या प्रत्येक कागदावर त्या तालुक्यात किती जणांच्या गोळ्या चालू आहेत, तो आकडा छापायचा. मलाही तो वाचून सही करू दे, आणि तुलाही.

मावशी : तुझ्या सहीनंतरही तो आकडा वाढला नाही तर?

भाचा : तर कागद मंत्रालयात परत पाठवायचा. शेरा तुझाच : ‘औषधोपचाराचा तपशील अपुरा’.